जीएसटी ऑडिटचा पॅरा मान्य करून बसलात? अजून काय काय करता येतं ते बघा

ऑडिटवाल्या साहेबांनी आठ-दहा पॅरे म्हणजे आक्षेप काढले, त्यातले चार तुमच्या सीएने उडवले, उरलेल्यांवर साहेब म्हणाले की एवढं मान्य करून टाका, पेनल्टी लागणार नाही, फाईल बंद होईल. दुकान सोडून तिसऱ्यांदा ऑफिसात बसलेले तुम्ही लेटरहेडवर "सदर निरीक्षण आम्हांस मान्य आहे" असं लिहून सही-शिक्का मारून दिला, डीआरसी-०३ म्हणजे स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने पैसे पण भरून टाकले. मग दोन महिन्यांनी कुणीतरी ओळखीचा सांगतो, अहो हे तर तुम्हाला लागूच नव्हतं. आता काय?

आता बरंच काही करता येतं, पण काय करता येईल ते तुम्ही नक्की कुठल्या पायरीवर "मान्य" म्हणालात त्यावर ठरतं.

आधी कायद्याचं मूळ बघू. कर लागतो तो कायद्याने, तुमच्या सहीने नाही. घटनेच्या कलम २६५ प्रमाणे कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कर लावताही येत नाही आणि वसूलही करता येत नाही, त्यामुळे तुम्ही कंटाळून किंवा न समजता मान्य केलं म्हणून जो कर मुळात नव्हता तो तयार होत नाही. सुप्रीम कोर्टाने पुल्लनगोडे रबरच्या केसमध्ये हेच सांगितलंय (केस केरळच्या शेती उत्पन्नावरच्या कराची होती, पण तत्त्व सगळ्या करांच्या भांडणात वापरतात) की कबुली हा फार वजनदार पुरावा आहे पण तो शेवटचा शब्द नाही, ज्याने कबुली दिली त्याला ती चुकीची होती हे दाखवून द्यायची मुभा आहे. मुभा आहे म्हणजे दाखवायचं ओझंही तुमच्याच डोक्यावर आहे, हे विसरू नका.

पण खरी अडचण वेगळीच आहे आणि ती भल्याभल्यांच्या उशिरा लक्षात येते. अपील करता येतं ते आदेशाविरुद्ध, जीएसटी कायद्याच्या कलम १०७ मध्ये तसंच म्हटलंय. तुम्ही मान्य करून नोटीस यायच्या आधीच पैसे भरलेत तर आदेश निघतच नाही. एडीटी-०२ हा ऑडिटचा निष्कर्ष झाला, तो काही मागणीचा आदेश नाही, आणि डीआरसी-०३ तर तुम्हीच भरलेला फॉर्म आहे, स्वतःच्याच फॉर्मविरुद्ध अपील कुणापुढे करणार? म्हणून इथून पुढची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी, एकतर अधिकाऱ्याकडून आदेश काढून घ्यायचा नाहीतर असा अर्ज टाकायचा की ज्यावर त्यांना आदेश काढावाच लागतो.

आधी कागद गोळा करा

सीएला फोन करायच्या आधी हे जमवा, कारण पहिला अर्धा तास नाहीतर यातच जातो. एडीटी-०१ म्हणजे ऑडिट सुरू करायची नोटीस, मध्ये आलेली निरीक्षणांची पत्रं किंवा ड्राफ्ट रिपोर्ट, तुम्ही दिलेलं मान्यतेचं पत्र (याची कॉपी बऱ्याच जणांकडे नसतेच, सरळ साहेबांच्या टेबलावर लिहून दिलेलं असतं, तर ती अर्ज करून मागून घ्या), एडीटी-०२, डीआरसी-०३ ची पावती, आणि त्यावर डीआरसी-०४ (पैसे भरल्याची पोच) किंवा डीआरसी-०५ (प्रकरण बंद झाल्याचं कळवणारा फॉर्म) आलंय का.

पोर्टलवर शोधताना फक्त नेहमीचं नोटिसांचं पान बघून थांबू नका. युजर सर्व्हिसेसमध्ये "व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स" म्हणून वेगळा टॅब असतो, कितीतरी नोटिसा आणि ऑर्डरी तिथे जाऊन पडलेल्या असतात, दुकानदाराला पत्ताच नसतो आणि अपिलाचे तीन महिने निघून जातात. ई-मेल सीएचा दिलेला असतो, सीएने अकाउंटंट बदललेला असतो, मग काय होणार.

डीआरसी-०३ ची पावती उघडलीत की चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: तारीख, कुठल्या कलमाखाली भरलंय (७३ म्हणजे फसवणुकीचा आरोप नसलेलं, की ७४ म्हणजे फसवणुकीचं), कारणाच्या रकान्यात काय निवडलंय (व्हॉलंटरी की ऑडिट), आणि पैसे कॅश लेजरमधून (रोख भरलेले) गेले की क्रेडिट लेजरमधून (खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटमधून). या चार गोष्टींवर पुढचं निम्मं ठरतं.

आणखी एक, नक्की काय मान्य केलं होतं ते बघा. तुम्ही आकडा मान्य केला की कायद्याचा अर्थ मान्य केला? "माझी विक्री १२ लाखांनी कमी दाखवली गेली" हे तथ्य आहे, ते एकदा लिहून दिलं की नंतर फिरवायला बिलं, बँक स्टेटमेंट, स्टॉक, सगळं घेऊन बसावं लागतं. पण "या खर्चावर आरसीएम लागतो हे मान्य" (आरसीएम म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर) हे कायद्याबद्दलचं मत झालं, आणि कायद्यात तसं नसेल तर तुमच्या मताला काही किंमत नाही, ते मागे घेणं बरंच सोपं जातं. माझ्या मते ज्याची केस दुसऱ्या प्रकारातली आहे त्याने जरूर लढावं, पहिल्या प्रकारात मात्र हातात पक्का कागद असेल तरच.

नुसतं मान्य केलंय, पैसे भरले नाहीत

मग तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित आहात, फक्त गप्प बसू नका. एडीटी-०२ अजून निघालं नसेल तर नियम १०१(४) तुमच्या कामाचा आहे. त्यात अधिकारी तफावती कळवू शकतात, तुम्ही उत्तर देऊ शकता आणि त्या उत्तराचा विचार करूनच त्यांनी निष्कर्ष पक्के करायचे असतात. म्हणजे आधीचं मान्यतेचं पत्र मागे घेऊन नवं उत्तर द्यायला जागा आहे. ऑडिट सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत संपवायचं असतं (कमिशनरने मुदत वाढवली तर आणखी सहा महिने) आणि संपल्यावर ३० दिवसांत निष्कर्ष कळवायचे असतात, तेव्हा शेवटी शेवटी साहेबांनाही घाई असते, तुमचं पत्र त्यांच्या फाईलला लवकर लागलेलं बरं.

आता एक उदाहरण घेऊ, कारण हा पॅरा मी सगळ्यात जास्त वेळा बघतो. हार्डवेअरचं दुकान आहे समजा. ऑडिट पार्टीने नफा-तोटा पत्रक उघडलं, "वाहतूक खर्च १४ लाख" दिसलं, त्याला सरळ ५ टक्क्यांनी गुणलं आणि म्हणाले ७० हजार आरसीएम भरा, वर व्याज. दुकानदाराने मान्य केलं. पण त्या १४ लाखांतले ९ लाख हे गावातल्या छोट्या टेम्पोवाल्यांना दिलेलं भाडं होतं, ज्यांनी कधी बिल्टी फाडलीच नाही, संध्याकाळी येऊन व्हाउचरवर सही करून रोख घेऊन गेले. कायद्यात गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी म्हणजे जो रस्त्याने माल वाहतो आणि कन्साइनमेंट नोट म्हणजे बिल्टी देतो तो. बिल्टी नाही तर जीटीए नाही, आणि जीटीए किंवा कुरियर सोडून साधी रस्त्याने मालवाहतूक ही २०१७ च्या १२ नंबरच्या नोटिफिकेशनमध्ये करमाफ आहे. म्हणजे ४५ हजार लागूच नव्हते, त्यावरचं व्याज वेगळं. उरलेल्या ५ लाखांचं मात्र ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बिल्टीवर होतं, ते लागतं, त्यावर वाद घालू नये. वाद घातला की चांगल्या मुद्द्याचाही चोथा होतो.

पत्र साधारण असं लिहा, राज्याच्या ऑफिसात मराठी पत्र बिनधास्त चालतं:

"आमच्या दि. ... च्या पत्रान्वये ऑडिट निरीक्षण क्र. ३ (वाहतूक खर्चावरील आरसीएम) मान्य असल्याचे कळविले होते. तद्नंतर मूळ व्हाउचर तपासले असता एकूण रु. १४,००,००० पैकी रु. ९,००,००० इतक्या भाड्याबाबत वाहतूकदारांनी कोणतीही कन्साइनमेंट नोट दिलेली नसल्याचे आढळून आले. सबब सदर मान्यता ही वस्तुस्थिती न तपासता दिली गेली असून ती रु. ९,००,००० पुरती मागे घेत आहोत. व्हाउचरनिहाय यादी सोबत जोडली आहे. विभागाचे मत भिन्न असल्यास कारणे दाखवा नोटीस देऊन, सुनावणीची संधी देऊन आदेश पारित करावा, ही विनंती."

शेवटचं वाक्य काढू नका, कारण तुम्हाला आदेश हवाय. आणि "दबावाखाली सही केली" असं उगीच लिहू नका, खरंच दबाव असेल तरच, त्याबद्दल पुढे सांगतो. न तपासता दिली, तपासल्यावर चूक कळली, एवढं साधं आणि खरं कारण पुरतं. ई-मेलनेही पाठवा आणि आवक शिक्का मारून कॉपी पण घ्या, दोन्ही.

एडीटी-०२ निघालं असेल तरी वसुली आपोआप होत नाही. कलम ६५(७) म्हणतं की ऑडिटमध्ये कमी कर सापडला तर ७३ किंवा ७४ खाली कारवाई करा (२०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी ७४ए). म्हणजे डीआरसी-०१ नोटीस येईल, त्याआधी कदाचित डीआरसी-०१ए म्हणजे नोटिशीआधीची सूचना येईल, आणि त्याला उत्तर द्यायची संधी आहे. नोटिशीला डीआरसी-०६ मध्ये उत्तर द्या, मान्यतेचं पत्र का चुकीचं होतं ते पहिल्या पानावरच सांगा (लपवू नका, ते पत्र नोटिशीला जोडलेलंच असतं), आणि पर्सनल हिअरिंगला "येस" करा. कलम ७५(४) प्रमाणे तुमच्याविरुद्ध आदेश काढायचा असेल किंवा तुम्ही लेखी मागणी केली असेल तर सुनावणी द्यावीच लागते, पण लोक "नो" वर क्लिक करून मोकळे होतात.

पैसे भरून झालेत, पण नोटीस-ऑर्डर काहीच नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. ७३(५) खाली नोटीशीआधी कर आणि व्याज भरलं की ७३(६) प्रमाणे अधिकाऱ्याने त्या रकमेसाठी नोटीस द्यायचीच नसते. दुकानदाराला ही सवलत वाटते, आहेही, पेनल्टी शून्य होते. पण त्याच सवलतीने अपिलाचा दरवाजाही बंद होतो. तुम्ही जाऊन म्हणालात की साहेब मला नोटीस द्या, मला लढायचंय, तर ते ७३(६) दाखवतात आणि त्यांचं चुकतही नाही.

मग रस्ता रिफंडचा. कलम ५४ खाली आरएफडी-०१, कारणात "एनी अदर" घ्या आणि खाली नीट लिहा की अमुक तारखेच्या डीआरसी-०३ ने भरलेला कर कायद्याने देय नव्हता, अमुक कारणाने. मुदत पैसे भरल्याच्या तारखेपासून दोन वर्षं. एडीटी-०२ च्या तारखेपासून नाही, चूक कळल्याच्या तारखेपासून तर नाहीच नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका कारण अर्जात काही कमी असेल तर १५ दिवसांत आरएफडी-०३ म्हणजे डेफिशियन्सी मेमो येतो आणि पूर्ण नवा अर्ज टाकावा लागतो. मधले दिवस मुदतीतून वगळतात हे खरं, पण जेमतेम दोन दिवस हातात ठेवून हे खेळायचं कशाला.

सोबत काय जोडायचं: डीआरसी-०३, एडीटी-०२, मान्यता मागे घेतल्याचं पत्र, मुद्द्याचे पुरावे, आणि हा कराचा बोजा ग्राहकाकडे गेलेला नाही याचं डिक्लेरेशन. दोन लाखांपर्यंत स्वतःचं चालतं, वर असेल तर सीएचं सर्टिफिकेट लागतं. हा अनजस्ट एनरिचमेंटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या केसमध्ये पक्कं करून ठेवलंय की कर दुसऱ्याकडून वसूल करून घेतला असेल तर रिफंड तुम्हाला मिळणार नाही, तो कन्झ्युमर वेल्फेअर फंडात जाईल. आरसीएम किंवा चुकीने रिव्हर्स केलेलं आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट) असेल तर हे दाखवणं सोपं जातं, कारण ऑडिटनंतर जुन्या ग्राहकाला कोण बिल फाडतो. विक्रीवरचा वाढीव कर असेल आणि तुम्ही नंतर डेबिट नोट काढून तो पार्टीकडून घेतला असेल तर मात्र अर्ज करूच नका.

आता गंमत बघा. रिफंड मिळाला तर प्रश्नच नाही (पूर्ण अर्जापासून ६० दिवसांत द्यायचा असतो, उशीर झाला तर ६ टक्के व्याज). पण बहुतेक वेळा पहिल्या फेरीत मिळत नाही, आरएफडी-०८ येतं की तुम्ही स्वतःच मान्य करून भरलंय, रिफंड का नाकारू नये सांगा. १५ दिवसांत आरएफडी-०९ मध्ये उत्तर द्यायचं आणि मग आरएफडी-०६ मध्ये नकाराचा आदेश येतो. लोक इथे निराश होऊन सोडून देतात. अहो, हाच तर तुम्हाला हवा असलेला आदेश! यावर कलम १०७ खाली अपील करता येतं, आणि इथे नव्याने काही मागणी नसल्यामुळे अपिलासाठी वादग्रस्त कराच्या १० टक्के भरण्याचा प्रश्नही सहसा येत नाही. म्हणून आरएफडी-०९ चं उत्तर रिफंड मिळेल या आशेपेक्षा अपिलाची फाईल तयार करतोय अशा हिशोबाने लिहा, सगळे मुद्दे, सगळे कागद, सगळं रेकॉर्डवर.

कॅशने भरलेलं असेल तर पैसे बँकेत येतात, क्रेडिट लेजरमधून भरलेलं असेल तर तेवढं पीएमटी-०३ ने परत क्रेडिट लेजरमध्येच येतं. अर्धं-अर्धं असेल तर अर्धं-अर्धंच येतं, क्रेडिटने भरून कॅश मागायला जाऊ नका.

ऑर्डर हातात आली असेल

म्हणजे तुम्ही नोटीस आल्यावर मान्य केलंत, किंवा तुमच्या जुन्या मान्यतेच्या पत्रावर बोट ठेवून अधिकाऱ्याने डीआरसी-०७ म्हणजे मागणीचा आदेश काढला. मग रिफंडच्या अर्जाचा उपयोग नाही, आदेश उभा असेपर्यंत रिफंड कशाचा देणार, आधी तो अपिलात पाडावा लागतो. आदेश कळल्यापासून तीन महिने, त्यानंतर सबळ कारण असेल तर आणखी एकच महिना, त्यापुढे अपील अधिकाऱ्याच्या हातातच नाही. फॉर्म एपीएल-०१.

या फॉर्ममध्ये मान्यता दिलेल्या माणसासाठी एक सापळा आहे. मागणीच्या तक्त्यात तीन रकाने असतात, किती मागणी निघाली, त्यातली किती मान्य, किती वादग्रस्त. अकाउंटंट काय करतो, ऑडिटला मान्य केलेला आकडा प्रामाणिकपणे "ॲडमिटेड" मध्ये टाकून देतो! झालं. १०७(६) प्रमाणे मान्य रक्कम पूर्ण भरायची असते आणि वादग्रस्त कराच्या १० टक्के. म्हणजे ज्याच्यासाठी अपील करताय तेच तुम्ही परत मान्य केलंत आणि भांडायला काही उरलंच नाही. आज, अपिलाच्या दिवशी, तुम्हाला जे मान्य आहे तेवढंच त्या रकान्यात टाका, आमच्या हार्डवेअरवाल्याच्या केसमध्ये बिल्टीवाल्या ५ लाखांचे २५ हजार मान्य आणि ४५ हजार वादग्रस्त. अपिलाच्या मुद्द्यांमध्ये मग वेगळा परिच्छेद लिहा की मान्यता का, केव्हा आणि कशी मागे घेतली.

आधी डीआरसी-०३ ने भरलेले पैसे वाया जात नाहीत. जुलै २०२४ पासून डीआरसी-०३ए नावाचा फॉर्म आहे, त्याने ती रक्कम डीआरसी-०७ च्या मागणीला जोडता येते, आणि त्यातून १० टक्क्यांची प्री-डिपॉझिटही भागते. हे न करता अपील टाकलं तर पोर्टल परत पैसे मागतं आणि लोक दुसऱ्यांदा भरतात, असं करू नका.

आदेशात साधी आकडेमोडीची चूक असेल, एकच बिल दोनदा धरलंय, आधी भरलेलं डीआरसी-०३ वजाच केलं नाही, तर अपिलाआधी कलम १६१ खाली दुरुस्तीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. मात्र दुरुस्तीच्या भरवशावर अपिलाची तारीख घालवू नका, दोन्ही घड्याळं एकदमच चालू असतात.

खरंच दमदाटी झाली असेल तर

इथे कोर्टं बरीच कडक आहेत, पण त्यांना दिसायला हवं. दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये वल्लभ टेक्स्टाइल्सच्या केसमध्ये धाडीच्या वेळी रात्री-अपरात्री भरून घेतलेले १.८० कोटी ६ टक्के व्याजासह परत करायला लावले, ते पैसे स्वेच्छेने भरलेले नव्हते असं म्हणून, आणि डीआरसी-०४ ची पोच दिलेलीच नव्हती हा त्यातला एक महत्त्वाचा धागा होता. म्हणून सुरुवातीला म्हटलं डीआरसी-०४ आलंय का बघा. सुप्रीम कोर्टानेही फेब्रुवारी २०२५ च्या राधिका अगरवाल निकालात म्हटलंय की जबरदस्तीने भरून घेतलं असेल तर करदाता कोर्टात जाऊन परतावा मागू शकतो. २५ मे २०२२ ची सीबीआयसीची (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची) सूचनाही आहे की झडती-तपासाच्या वेळी वसुलीसाठी जबरदस्ती करायची नाही.

पण हे सगळं धाडी आणि तपासातलं. ऑडिट दिवसाढवळ्या, सीए शेजारी बसलेला असताना, चार महिने चाललेलं असतं. तिथे "दबाव होता" म्हटलं की कोर्ट पहिला प्रश्न विचारणार, मग दुसऱ्या दिवशी पत्र का नाही दिलं? दोन-चार दिवसांत दिलेलं पत्र खूप काही सांगतं, आठ महिन्यांनी दिलेलं काहीच सांगत नाही. खरोखर तशी केस असेल तर रिटसाठी हायकोर्ट, आपल्याकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. सांगली-साताऱ्याच्या माणसाला यासाठी मुंबई गाठायची गरज राहिली नाही हे एक बरं झालं. तरी वकिलाची फी आणि वादातली रक्कम आधी शेजारी-शेजारी लिहून बघा.

मूळ कर बरोबर पण व्याज चुकीचं

हे फार कमी लोक तपासतात आणि इथे खरे पैसे सुटतात. चुकून जास्त आयटीसी घेतलं होतं, मान्य, रिव्हर्सही केलं, पण त्यावर व्याज लागतं ते "घेतलं आणि वापरलं" तरच. कलम ५०(३) मागच्या तारखेने म्हणजे १ जुलै २०१७ पासून तसं बदललंय, दर १८ टक्के. आणि नियम ८८बी सांगतो की क्रेडिट लेजरमधली शिल्लक त्या चुकीच्या रकमेच्या खाली गेली तरच ते वापरलं असं धरायचं. समजा ८० हजार चुकीने घेतलं आणि लेजरमध्ये सगळा काळ लाखाच्या वर शिल्लक होती, तर व्याज शून्य. ऑडिट पार्टी एक्सेलमध्ये घेतलेल्या तारखेपासून भरलेल्या तारखेपर्यंत सरळ व्याज लावते आणि तुम्ही कर मान्य करताना त्याच ओघात तेही मान्य करून टाकता. लेजर डाउनलोड करा, महिन्याची सगळ्यात कमी शिल्लक काढा, आणि फक्त व्याजाचा रिफंड मागा. कर मान्य, व्याज अमान्य, ही भूमिका अधिकाऱ्यांनाही पटायला सोपी जाते.

तसंच कलमाचं. मान्य करताना ७४ खाली भरलं असेल तर १५ टक्के पेनल्टी गेलीच, शिवाय २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठी ७४ खाली भरलेल्या कराचं आयटीसी १७(५) ने बंद होतं, तुम्हालाही आणि तुमच्या ग्राहकालाही. जो विषय हिशोबात आणि रिटर्नमध्ये उघड दिसत होता त्यात ७४ चा फसवणुकीचा आरोप बसतो कुठे? हा स्वतंत्र मुद्दा करून लढण्यासारखा आहे, मूळ कर तसाच ठेवून.

कधी सोडून द्यावं

वीस-पंचवीस हजारांसाठी दोन वर्षं फायली वाहू नका, ते पैसे सीएच्या फीत जातात. २०२४ मध्ये कलम १६(५) आलं आणि २०१७-१८ ते २०२०-२१ चं उशिरा घेतलेलं आयटीसी ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत रिटर्न भरलेल्यांना मंजूर झालं, तेव्हा ज्यांनी ऑडिटमध्ये मान्य करून आधीच भरलं होतं ते सगळे रिफंडला धावले. पण त्याच फायनान्स ॲक्टमध्ये लिहून ठेवलंय की भरलेला कर किंवा रिव्हर्स केलेलं क्रेडिट परत मिळणार नाही. ज्याने भांडण चालू ठेवलं तो सुटला, ज्याने निमूट भरलं तो गेला, अन्याय वाटतो, मला तरी वाटतो, पण त्यासाठी आरएफडी-०१ टाकण्यात अर्थ नाही.

आणि मान्य केलेलं आव्हान न देता सोडायचं ठरवलं तरी एक पत्र जरूर द्या, की सदर रक्कम वाद मिटवण्यासाठी फक्त अमुक वर्षापुरती भरली आहे, मुद्दा आम्हाला मान्य नाही. कारण पुढच्या वर्षाचं ऑडिट लागलं की नवी पार्टी पहिल्यांदा मागच्या एडीटी-०२ ची फाईल उघडते आणि तोच पॅरा, तीच टक्केवारी, नवा आकडा टाकून पुढे करते. डीआरसी-०३ भरतानाही "रीझन्स" चा रकाना असतो, तो मोकळा सोडू नका, हेच वाक्य तिथे टाका. वाहतुकीची व्हाउचरं, लेजर, सप्लायरची सर्टिफिकेटं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावीच लागतात, अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत ते गठ्ठे रद्दीत जाणार नाहीत एवढं दुकानातल्या पोरांना सांगून ठेवा.